मार्क नसलेले तीन विषय

१४ जून १९७६, सोमवार

नवीन वही. मागच्या वहीत तीनच पाने झाली. दोष वहीचा होता, कागद शाई पीत होता.

आज जळगावच्या रात्रशाळेत दहावीला नाव घातले. वय बावीस. नववीनंतर शाळा सुटली ती टायफॉइडमुळे, बुद्धीमुळे नाही, हे हेडमास्तर वाणीसरांना स्पष्ट सांगितले. ते म्हणाले, इथे आलेल्या प्रत्येकाला टायफॉइडच झालेला असतो.

पास होणे भाग आहे. धुळ्याच्या देवचंदनानांची अट आहे, मुलगा मॅट्रिक झाला की त्यांच्या सिंधूचा साखरपुडा. सिंधू स्वतः एसेस्सी, पहिल्या झटक्यात. पारसमलशेठच्या भांड्यांच्या दुकानात मी नावे कोरतो, ते नानांना चालते. पण दुसऱ्यांची नावे कोरणाऱ्याच्या स्वतःच्या नावापुढे काहीतरी पाहिजे म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार आहेत.

सरांनी आणखी एक सांगितले. पेपरांखेरीज तीन विषय असे आहेत की त्यांना मार्कच नाहीत: शारीरिक शिक्षण, कार्यानुभव (म्हणजे हाताने काहीतरी उपयोगी वस्तू करणे) आणि समाजसेवा. फेब्रुवारीत खात्याचे साहेब येतात आणि शेरा देतात. ‘समाधानकारक’ किंवा ‘अपूर्ण’. एक जरी ‘अपूर्ण’ आला तरी परीक्षेला बसता येत नाही.

हे ऐकून फार हलके वाटले. मार्क नाहीत म्हणजे नापास व्हायची सोयच नाही. गणित, इंग्रजी नंतर पाहू. आधी हे तीन उरकावेत.

२० जून, रविवार

दिवसभर टाइमटेबल केले. तीन रंगांची शाई. शारीरिक शिक्षण लाल, कार्यानुभव निळी, समाजसेवा हिरवी. उद्यापासून पहाटे पाचला उठून मेहरूण तलावाला फेरी, धावत. मामांना दाखवले. जीवराममामा त्यांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होते, हात काळे म्हणून कागद हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाले, छान आहे, फ्रेम कर.

२१ जून, सोमवार

उठलो नाही. सोमवारी एकदम सुरुवात केल्याने स्नायू दुखावतात असे कुठेसे वाचले होते. मंगळवारपासून.

२२ जून, मंगळवार

उठलो. कॅनव्हासचे बूट सापडले नाहीत.

२५ जून, शुक्रवार

बूट मामीने उन्हात घातले होते. उन्हाने कडक झाले. तेल लावून ठेवले आहेत. घाईने काही करायचे नाही.

४ जुलै, रविवार

समाजसेवेचा विचार संपूर्ण झाला. ‘झाडे लावून जगवून दाखविणे’ असे परिपत्रकात आहे. बाकीची मुले कडुनिंब लावणार. कडुनिंब फेब्रुवारीत गुडघ्याएवढा असेल, तोही शेळीने ठेवला तर. मी केळी लावणार. केळ सात-आठ महिन्यांत माणसापेक्षा उंच होते. साहेबांना मान वर करून पाहावे लागेल. ही गोष्ट वर्गात कोणालाच सुचली नाही. कोणाला सांगितलीही नाही.

मामांच्या ओळखीचे रावेरचे रुपचंद महाजन आज मुनवे (केळीची रोपे) घेऊन आले. स्वतःचा ट्रॅक्टर. माझ्याच वयाचे, पण सातवीत शाळा सोडलेली, त्यामुळे मनाने साधे. पाच मुनवे उतरवून विचारू लागले, मास्तर, शाळेत केळी कशाला? अभ्यासाला सावली पाहिजे का? मी त्यांना सर्व समजावून सांगितले. तीन विषय, शेरा, देवचंदनानांची अट, सिंधूचे शिक्षण, स्वभाव, हस्ताक्षर. त्यांनी फार लक्षपूर्वक ऐकले. अशिक्षित माणसाला ऐकण्याची कला असते. शेवटी म्हणाले, आमचा केळीचा ट्रक दर आठवड्याला धुळ्याला जातो, नानांचे घर नेमके कुठे येते? मी कागदावर नकाशाच काढून दिला. दत्तमंदिराची खूणही घातली.

पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तुमचे काम झाले तर आमचेही झाले.

११ जुलै, रविवार

वृक्षारोपण. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. सुतळी ताणून पाच खड्डे एका ओळीत आखले. दोन वेळा पुसून पुन्हा आखले, कारण तिसरा किंचित पुढे येत होता. खड्डे शिपाई चिंधाने खणले. तो धुळ्याकडच्या खेड्यातला, कष्टाची सवय आहे. मी शेवटी प्रत्येक रोपाला माती लोटली. हात मळले.

पाणी घालण्याचे टाइमटेबल करून चिंधाच्या खोलीच्या दारावर लावले: आलटून पालटून, एक दिवस मी, एक दिवस तो. त्याने बराच वेळ पाहिले. त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवले. म्हणाला, “भाऊ, केळले रोज पानी लागस. कागदले नही लागत.”

उद्धट नाही, पण विनोदाची जाण कमी.

१५ ऑगस्ट, रविवार

संचलन. शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून भाग घेतला. माझे डावे-उजवे बरोबर होते. पुढच्या रांगेचे चुकले, आणि मागून पाहणाऱ्याला एकच माणूस वेगळा दिसतो म्हणून तोच चुकला असे वाटते. वाणीसरांनी मला झेंड्याची दोरी धरायला उभे केले. जबाबदारीचे काम.

तलावाची फेरी सुरू झालेली नाही. पाऊस.

२९ ऑगस्ट, रविवार

कार्यानुभव. सगळे खडूच करतात, साचा शाळेत आहे. पण मी आधी खडूचा अभ्यास केला. खडूचा मुख्य दोष काय? मोडतो. म्हणून प्लॅस्टरमध्ये थोडे पांढरे सिमेंट मिसळले. पाच खडू जमिनीवर टाकून पाहिले. एकही मोडला नाही. एक मामांनी हातोडीने ठोकून पाहिला. हातोडीवर ओरखडा आला.

मामा म्हणाले, गिरधर, याने लिहायचे आहे का याच्यावर घर बांधायचे आहे?

फळ्यावर जरा फिकट उमटतो. जोर लावल्यास उमटतो.

१२ सप्टेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. नानांकडे मुक्काम नाही, फक्त जेवण. शेवभाजी. प्रगतीचा रिपोर्ट दिला. सिंधू वाढत होती. तिने विचारले, धावता किती? मी सांगितले की बुटांची तयारी झाली आहे. तिने विचारले, झाडे किती उंच झाली? मी हाताने दाखवले. हात जरा जास्त वर गेला असावा, कारण ती हसली. हसणे चांगले लक्षण आहे.

नाना बाहेर शेजाऱ्याला सांगत होते ते ऐकू आले. “पोऱ्या चांगला शे. बठ्ठं ठीक शे. फक्त पास नही.”

‘बठ्ठं ठीक’, म्हणजे सगळे ठीक, ही मोठी गोष्ट आहे. तीन शेरे आणि पास होणे, या चारपैकी तीन झाल्यासारखेच.

पडवीत केळीचा एक मोठा घड टांगलेला होता. रुपचंद देऊन गेले म्हणे. माझ्या नकाशाने घर बरोबर सापडले.

१७ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी तोंडावर. दुकानात श्वास घ्यायला वेळ नाही. सगळ्या जळगावला नावे घालून पाहिजेत. आज एका डब्यावर संपूर्ण पत्ता कोरला, जिल्ह्यासहित, कारण डबे नशिराबादला जाणार होते आणि त्या नावाचे दोघे तिथे असू शकतात. पारसमलशेठ डोक्याला हात लावून म्हणाले, “गिरधर, डब्बे पे नाम लिख भाई. चिठ्ठी मत लिख.”

झाडांकडे जाता आले नाही. माझा पाण्याचा दिवस चिंधाला दिला आहे. तसे तोंडी कळवायचे राहिले, पण दारावर कागद आहेच.

२१ नोव्हेंबर, रविवार

नानांचे पत्र. रुपचंद दर आठवड्याला येतात, फार समजूतदार मुलगा आहे, परवा सिंधूच्या आईला ट्रॅक्टरमधून शेतावर नेऊन आणले, तुझीही चौकशी करत होते, वगैरे. पत्रात रुपचंदांचे नाव सहा ठिकाणी, माझे सुरुवातीला आणि ‘कळावे’च्या आधी.

मला समाधान वाटले. माझ्या बाजूचा एक माणूस तिथे सतत असणे बरे.

संध्याकाळपासून मात्र चैन नाही. का ते कळत नाही. टाइमटेबल पुन्हा आखले. हिरवी शाई संपली होती, समाजसेवा जांभळी केली.

२ जानेवारी १९७७, रविवार

नवीन वर्ष. नवीन संकल्प:
पहाटे पाच. तलाव.
गणित रोज.
झाडे प्रत्यक्ष पाहणे.
नखे खाणे बंद.

३ जानेवारी, सोमवार

थंडी फार. मामा म्हणाले, सूर्य तुझ्यासाठी थांबलाय बाहेर, ऊठ. मी म्हटले, थंडीत फुप्फुसांना धोका असतो. टायफॉइड झालेल्याला जास्तच.

नखे दुपारपर्यंत खाल्ली नाहीत.

३१ जानेवारी, सोमवार

वाणीसरांनी जाहीर केले, साहेब बुधवारी नऊ तारखेला येणार. साहेब कडक आहेत. वर्गात गडबड उडाली. कडुनिंबवाले रोपांना काठ्या बांधायला पळाले, तिघांचे कडुनिंब शेळीने खाल्ले होते. मी शांत. चिंधाला विचारले, केळी कशा आहेत? तो म्हणाला, पाह्यनात का नही, कौलले लागनात. म्हणजे पानांनी कौलाला हात लावला! मी पाहायला निघालो होतो, पण सरांनी मध्येच अडवले आणि स्वागत समितीचा प्रमुख केले. माझी शिस्त त्यांच्या लक्षात आली आहे. (आणखी कोणी तयार नव्हते हे कारण नाही.)

७ फेब्रुवारी, सोमवार

स्वागताचा नकाशा झाला. फाटकाला कमान. पताका, झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे. सर म्हणाले, केळीचे खांब नसतील तर ती कमान नव्हे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. खरे आहे. आपल्याकडे केळीशिवाय शुभकार्य नाही. हिशेब केला: फाटकाला दोन, हॉलच्या दाराला दोन, साहेबांच्या खुर्चीमागे शोभेला एक.

८ फेब्रुवारी, मंगळवार

धावपळ. जेवण नाही. टाइमटेबलप्रमाणे आज शेवटी झाडे पाहायची होती, पण सुतळी आणि माळा यांतच दिवस गेला. खांबांचे काम चिंधावर सोपवले. प्रमुखाने सगळे स्वतः करू नये. त्याला स्पष्ट बजावले: पाच पाहिजेत, सारख्या उंचीचे, टवटवीत, कुठूनही आण पण आजच्या आज आण, आणि मला विचारत बसू नको.

तो म्हणाला, भाऊ, नक्की का? मी म्हटले, विचारू नको म्हटले ना.

कामे अशीच होतात.

९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी

कमान पाहिली. अप्रतिम. खांब एका उंचीचे, एका ओळीत लावले तसे. रुंद, हिरवी पाने. चिंधाने कुठून आणले कोण जाणे, पण माणूस मनावर घेतले की करतो. त्याला शाबासकी दिली. तो माझ्याकडे विचित्र पाहत होता. स्तुतीची सवय नसावी.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साहेब आले. कमानीखाली थांबले, मान वर करून पाहिले. अगदी माझ्या कल्पनेतल्यासारखे. म्हणाले, कमान उत्तम.

आधी कार्यानुभव. साहेबांनी माझा खडू हातात घेतला, वजन पाहिले, फळ्याकडे गेले आणि ‘स्वच्छता’ लिहायला घेतले. पहिले अक्षर उमटले नाही. जोर लावला. फळ्याचा काळा रंग निघाला. आवाज असा झाला की मागच्या बाकावरच्या पोराने कान झाकले. साहेब म्हणाले, हा कोणी केला? मी म्हटले, मी, मोडत नाही. ते म्हणाले, मोडायला पाहिजे होता.

मग समाजसेवा. मी साहेबांना टाकीमागे घेऊन गेलो. तिथे पाच बुंधे. एका ओळीत. तिसरा किंचितही पुढे नाही. कापलेल्या जागेतून पाणी पाझरत होते.

मी चिंधाकडे पाहिले. तो म्हणाला, “तुम्हीच सांगं ना भाऊ, कोठून बी लई ये. मंग दूर कसाले जाऊ? आठेच तं व्हतात.” म्हणजे इथेच तर होत्या. रोज पाणी त्यानेच घातले होते, जुलैपासून. मी म्हटले, अरे, ही कापायला लावली होती का? त्याला खरोखर नवल वाटले. म्हणाला, “केळ मंग कसाकरता लावतस?”

मी धावत फाटकाकडे गेलो, एका खांबाचे बूड तपासले, धावत परत आलो. पुन्हा साहेबांना घेऊन फाटकाकडे. वाणीसर म्हणाले, साहेब, आपण त्याच्या झाडांखालूनच आत आलात. साहेबांनी परिपत्रक काढले. ‘लावून जगवून दाखविणे.’ ते म्हणाले, लावलेली दिसतात. जगलेली दिसत नाहीत.

मला धाप लागली होती. साहेब म्हणाले, पळतो मात्र चांगला.

शारीरिक शिक्षण: समाधानकारक.
कार्यानुभव: अपूर्ण.
समाजसेवा: अपूर्ण.

१० फेब्रुवारी, गुरुवार

तीनपैकी एक म्हणजे सुरुवात वाईट नाही. वाणीसरांकडे गेलो. परीक्षेला बसता येणार नाही. पण शेरे ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी पूर्ण करता येतात. सरांनी माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाले, गिरधर, तू दुकानात रोज भांड्यांवर नावे कोरतोस ना? ते हाताचे काम नाही का? शेठकडून एक चिठ्ठी आणली असतीस तर कार्यानुभव जूनमध्येच झाला असता. मी म्हटले, सर, मला कोणी सांगितले नाही. ते म्हणाले, तू कोणाला विचारले नाहीस.

हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

नानांना पत्र लिहिले. सर्व सविस्तर. कमानीचे वर्णन दीड पान झाले, साहेबांनी तिची प्रशंसा केल्याचे ठळक. शेऱ्यांचा उल्लेख शेवटी, लहान अक्षरात.

६ मार्च, रविवार

नानांचे उत्तर नाही. टपालखाते.

आज तलावाला फेरी मारली. धावत नाही, चालत. शेरा मिळाल्यावर धावण्याची गरज उरलेली नाही. पण घरात बसवत नव्हते.

१० एप्रिल, रविवार

आज दुकानात लग्नाची मोठी ऑर्डर. धुळ्याची. हंडे, कळशा, परात, ताटे. नाव कोरायचे ते शेठने कागदावर दिले. ‘सौ. सिंधु रुपचंद महाजन, रावेर.’

बराच वेळ मशीन सुरू केले नाही. शेठ म्हणाले, काय झाले, लाइट गेली का? मी म्हटले, सिंधूमधला ‘धू’ दीर्घ पाहिजे, यांनी ऱ्हस्व लिहिला आहे. ते म्हणाले, मग दीर्घ कर.

सगळ्या भांड्यांवर दीर्घ केला. एकाही भांड्यावर हात हलला नाही. परातीवर एकदा हलला, पण ते परात गोल असल्यामुळे.

शेठने कार्यानुभवाची चिठ्ठी दिली. ‘काम अच्छा करता है, धीरे करता है.’

१७ एप्रिल, रविवार

रुपचंद स्वतः आले, मामांच्या दुकानात. आमंत्रण द्यायला. हात जोडून म्हणाले, मास्तर, तुमच्या नकाशावाचून आम्ही कुठले धुळ्याला पोचतो! उपकाराची जाण ठेवणारी माणसे अजून आहेत. मामांनी त्यांना चहा दिला नाही. मीच सांगून आणवला.

नानांचा निरोपही त्यांनीच आणला. तुझ्या कमानीचे तू पत्रात लिहिले होतेस, साहेबाला पसंत पडली म्हणून. तर लग्नाची कमान तूच उभी कर, आमच्याकडे कोणाला एवढा अंदाज नाही.

मामा म्हणाले, जाऊ नको. मी म्हटले, मामा, त्यांचा अजून माझ्यावर विश्वास आहे. मामी आत गेली आणि उगाच भांडी आपटू लागली.

वाणीसरांना विचारले (या वेळी विचारले), लग्नघरी कमान बांधणे समाजसेवेत बसते का? सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, घरच्या माणसाने लिहून दिले तर बसवतो.

१३ मे, शुक्रवार. धुळे, एसटी स्टँड

काल लग्न झाले. गाडी तासाभराने आहे म्हणून इथेच लिहीत आहे.

खांब रावेरहून रुपचंदांच्या ट्रकमधून आले, घडांसकट. मी सुतळी ताणून उभे केले. डावा किंचित पुढे येत होता, पुन्हा उपटून लावला. वऱ्हाड त्याखालून आत गेले. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान वर करून पाहिले. कोणीतरी विचारले, हा कोण? नाना म्हणाले, कमानवाला, जळगावचा, घरचाच पोऱ्या शे.

समाजसेवेचा कागद काल सकाळीच, गडबड व्हायच्या आत नानांपुढे धरला होता. त्यांना शंभर कामे. आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, “सिंधू, याले काय पाहिजे ते लिखी दे. तुन्हं अक्षर चांगलं शे.” ती आतून आली. हळद लागलेली. उंबऱ्यावर बसून गुडघ्यावर कागद घेतला आणि लिहिले, ‘श्री. गिरधर यांनी आमचे घरी कमानीचे काम स्वतः केले.’ मग विचारले, शेरा कोणता लिहू? मी सांगितले, दोनच असतात.

तिने जरा वेळ पेन तसेच धरले. मग लिहिले, ‘समाधानकारक’. खाली सही, अजून माहेरचीच. स्वतःच्या नावातला ‘धू’ तिने दीर्घ काढला आहे.

कागदाला हळदीचे बोट लागले आहे. वाणीसर हरकत घेणार नाहीत असे वाटते.

शारीरिक शिक्षण झाले. कार्यानुभव झाला. समाजसेवा झाली. आता फक्त मार्कांचे विषय उरले.